धाकट्या डहाणूची ‘मोकळी’ जागा

चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत नकाशे रंगवले. हुद्दा आरेखकाचा, पण घरात माझी ओळख रंगारी. कुठल्या जमिनीवर घरं व्हायची, कुठे कारखाने यायचे, कुठे शेती राहायची, हे वरचे साहेब ठरवायचे आणि आम्ही टेबलावर वाकून ते कुंचल्याने कागदावर उतरवायचो. राहायची जागा पिवळी, शेती हिरवी, कारखाने जांभळे. पुढे संगणक आले, कुंचले गेले, रंग मात्र तेच राहिले. आमच्याकडे सगळ्यात आधी संपायची ती पिवळ्या रंगाची बाटली. त्याचा परिणाम बघायला मला फार लांब जावं लागत नाही. आमच्या बदलापूरच्या घराच्या गॅलरीतून पूर्वी भातखाचरं दिसायची. आता समोरच्या इमारतीतला टीव्ही दिसतो, इतका जवळ की आवाज ऐकू आला नाही तरी मालिका कळते.

निवृत्तीनंतर कपाट आवरताना नोकरीच्या पहिल्या वर्षात रंगवलेल्या एका नकाशाची फिकट प्रत हाती लागली. डहाणू आणि तलासरीचा भाग, जवळजवळ सगळा हिरवा. मी कौतुकाने बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारलं, “इथे गेला होतात कधी?”

“नाही.”

“मग कुठे गेला होतात?”

मी बराच आठवत बसलो. फाइली गेल्या होत्या, साहेब गेले होते, मी कुठेच गेलो नव्हतो.

“म्हणजे मुलगी न बघता लग्नं लावलीत की सगळी,” असं म्हणून ती कुकर लावायला गेली. ते मला फार लागलं. जानेवारीत गुडघे जरा बरे होते, तेव्हा मी एक पिशवी भरली आणि निघालो.

वेवजी

आमच्या कचेरीतला शिपाई सोनू वेवजीचा. त्याचा धाकटा भाऊ लहानू अजून गावातच शेती करतो, आणि त्याच्याकडे माझी राहायची सोय झाली होती. तलासरीहून रिक्षाने पोचलो तेव्हा लहानू घरामागच्या बांबूच्या बेटात कोयता घेऊन उभा होता. पंचेचाळिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. मला बघून म्हणाला, “साहेब, पाणी प्या. मग तुमचा हिरवा रंग दाखवतो.” भावाने त्याला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

वेवजी अगदी गुजरातच्या हद्दीवर आहे. लहानू मला शेताच्या बांधाबांधाने घेऊन गेला. भात कापून झालं होतं, आणि खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला होता. त्याच्या पलीकडे गुडघाभर गवत, मग पळसाची आणि ताडाची झाडं. आणि त्या झाडांच्या मागे, हाकेच्या अंतरावर, कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि पाच-सहा मजली इमारतींची रांग. माती एकच आणि पाऊसही एकच. मधे फक्त राज्याची हद्द, आणि तिच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या कचेऱ्यांनी रंगवलेले दोन वेगळे नकाशे. मी आयुष्यभर रंगांच्या कडा नीट जुळवत आलो, पण कड प्रत्यक्षात अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. मी जरा भारावून उभा राहिलो.

लहानूने ते ओळखलं असावं. “पण साहेब,” तो म्हणाला, “माझा पोरगा त्या कंपनीतच जातो कामाला. तिकडं कमावतो, इकडं जेवतो.”

“मग इकडे कंपनी आली तर चालेल तुला?”

“कंपनी पायजे. पण ती तिकडंच पायजे,” तो हसून म्हणाला. मग हसू आवरून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याला शेतात दोन खोल्या वाढवायच्या होत्या. हिरव्या पट्ट्यात बांधकामाची परवानगी काढायला तो तीन वेळा तालुक्याला गेला आणि तीन वेळा वेगळा कागद मागितला गेला. “तुमचा हिरवा चांगला हाय. पण त्यात माणूस राहतो, ते लिहायला विसरलात.”

रात्रीचं जेवण साधं होतं: नागलीची भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी आणि सुकटीची चटणी. ती चटणी मी दोनदा मागून घेतली. लहानूची बायको म्हणाली, ही सुकट धाकट्या डहाणूच्या लक्ष्मीकाकीची. लहानू तिला मासे वाळवायला बांबू नेऊन देतो आणि येताना सुकट, बोंबील घेऊन येतो. त्यांच्या वडिलांपासून हे चाललंय. “उद्या बांबू टाकायला जायचंच हाय,” लहानू म्हणाला. “टेम्पोत पुढं बसा, समुद्र पण बघाल.”

बोर्डीचा रस्ता

बोर्डीपासून पुढे रस्ता समुद्राच्या कडेने जातो. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. चिकूचं झाड इतकं गर्द असतं की वाडीत शिरल्यावर दुपारीही दिवा लावावासा वाटतो. एका वाडीच्या फाटकापाशी एक पारशी बाई खुर्ची टाकून चिकू विकत बसल्या होत्या. त्यांनी मला आधी गुजरातीत विचारलं, मग मराठीत, आणि माझं गाव बदलापूर कळल्यावर हिंदीत, बहुधा दया येऊन. रविवारी मुंबईची माणसं येतात आणि वाडीत बंगल्यापुरती जागा मिळेल का विचारतात, असं त्या सांगत होत्या. “मी सांगते, इथे बांधायला सरकारची बंदी आहे, मला विचारू नका. सरकारला शिव्या देते, पण मनातून बरं वाटते,” त्या म्हणाल्या आणि वजनात दोन चिकू जास्त टाकले.

त्यानंतर आमची फजिती झाली. एका वळणावर मागची दोरी सुटली आणि अर्धे बांबू रस्त्यावर पसरले. मागून एसटी आली. कंडक्टर खाली उतरून आमच्यावर ओरडला आणि मग स्वतःच बांबू उचलायला लागला. चार प्रवासी उतरले. एक बांबू माझ्या पायाच्या अंगठ्यावर बसला, त्याचं नख अजून काळं आहे. लहानू शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमी फक्त मोजा.” मी मोजत राहिलो आणि दोन वेळा चुकलो.

धाकटी डहाणू

खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे मच्छीमारांचं गाव. अरुंद गल्ल्या, होड्या, जाळी विणणारे म्हातारे, आणि एका टोकाला तिवरांच्या रांगेलगत मोठं सपाट मैदान. मी वाळत्या बोंबलांबद्दल बरंच ऐकून होतो. गाव येण्याआधी वास येतो म्हणतात. मी नाकाची तयारी ठेवली होती, पण वास असा आलाच नाही.

मैदानावर दहाबारा बायका केरसुण्या घेऊन झाडत होत्या. एक जण पाणी शिंपडत होती. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची एक खुर्ची आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल. सगळ्यांत पुढे पासष्टीची, उंच, कमरेला पदर खोचलेली बाई उभी होती. तीच लक्ष्मीकाकी. लहानूला बघून ती म्हणाली, “अरे, बांबू आज नको. तिकडं भिंतीमागं टाक. उद्या साहेब येणार हाय.”

लहानूने माझी ओळख ‘नकाशावाले’ अशी करून दिल्यावर काकीने लगेच फोन काढला. त्यात शहराच्या नव्या प्रारूप आराखड्याचा फोटो होता. आता सगळी गोष्ट कळली. या मैदानावर गावातल्या बायका पिढ्यान्पिढ्या मासळी वाळवतात, पण सातबाऱ्यावर जागा सरकारची. नव्या आराखड्यात ती पिवळी दाखवली आहे, म्हणजे तिथे इमारती होऊ शकतात. गावाने हरकत घेतली होती, म्हणून उद्या सकाळी अकरा वाजता एक अधिकारी बाई स्वतः जागा बघायला येणार होत्या.

“जागा गेली तर आमी सुकवणार कुठं?” काकी म्हणाली. “नवरा गेला, होडी विकली. पण हे मैदान होतं म्हणून तीन पोरी शिकवल्या मी. रस्त्यावर टाकली मासळी तर गाडीखाली जाते, घरावर टाकली तर मांजरं खातात.”

मी फोटो मोठा करून पाहिला. आराखड्यासोबत आणखी एक नकाशा असतो. आज कुठली जमीन कशासाठी वापरात आहे, ते त्यात दाखवतात. त्यात या मैदानावर दोन शब्द होते: मोकळी जागा. मला वाटलं, मोजणीवाले पावसाळ्यात आले असतील, तेव्हा वाळवण बंदच असतं. मी काकीला तसं विचारलं.

“नाय हो. मार्चमधे आलेली दोन पोरं, मशीन घेऊन.”

“मार्चमधे? ऐन मोसमात? मग त्यांना मासळी दिसली नाही?”

काकीच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. “कशी दिसेल? दोन दिवस आधी निरोप आलेला. वलांड्या उतरवल्या, मैदान झाडलं, सगळा माल घरात नेला. शहाळी दिली त्यांना. बोंबलाचं शेपूट पण दिसलं नाय.”

वलांडी म्हणजे बोंबील टांगायची बांबूची उभी-आडवी चौकट. ती उतरवून, मैदान लख्ख करून या बायकांनी पाहुण्यांचं स्वागत केलं होतं. आणि पाहुण्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून नेलं. मी आधी हसलो. मग आजूबाजूला पाहिलं, त्या केरसुण्या, तो टॉवेल, आणि माझं हसू गेलं.

“काकी, उद्यासाठी पण तेच चाललंय का?”

“मग? नवीन बाई हाय, शिकलेली. तिला काय घाणेरड्या वासात उभी करायची? माल सगळा आत घेतलाय.” तिने एका घराकडे बोट दाखवलं. पडवीत, खाटेखाली, पाटीखाली, जिथे जागा मिळेल तिथे अर्धवट वाळलेले बोंबील दडवले होते आणि दारात रांगोळी काढली होती.

मी जरा चिडूनच बोललो. म्हणालो, कागद तुमच्या नावाचा नाही, तेव्हा तुमचा वापर हाच तुमचा पुरावा, आणि तोच तुम्ही झाडून टाकताय. बायका थांबल्या. एक जण म्हणाली, वास आला की हे लोक नाक दाबतात, बसमधे आमच्याशेजारी कोण बसत नाही, मग ती बाई आमच्या बाजूने लिहील का? तिचं खोटं नव्हतं. दुसरी म्हणाली, पाहुण्यापुढे पसारा ठेवायची आमच्यात पद्धत नाही. बोलणं वाढलं. निम्म्या बायका मांगेली बोलीत भांडत होत्या, त्यातलं मला फारसं कळत नव्हतं, पण शहरातून आलेल्या म्हाताऱ्याला काय कळतं हे नक्की कळलं.

काकीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग तिने मला विचारलं, “भाऊ, तुमी त्या ऑफिसात होता. ती पोरं लिहून घेऊन आली असती, तर तुमी काय केलं असतं?”

खोटं बोलता आलं असतं. “पिवळा लावला असता,” मी म्हणालो. “विचारलंसुद्धा नसतं. मी कधीच कुठली जागा बघायला गेलो नाही, काकी. जे कागदावर आलं ते रंगवलं. अशी किती मैदानं माझ्या हातून गेली असतील, मला माहीत नाही.” हे बोलताना मला मनापासून लाज वाटली, आणि बोलून झाल्यावर बरंही वाटलं.

काकीने हातातली केरसुणी खुर्चीला टेकवली. “लहानू,” ती म्हणाली, “बांबू इकडं आण.”

पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही. लहानू आणि गावातले चार गडी खड्डे घेत होते, बायका दोऱ्या बांधत होत्या. खाटांखालचा माल परत मैदानावर आला. पाचच्या सुमाराला भरतीबरोबर होड्या आल्या आणि ताज्या बोंबलाच्या पाट्या उतरल्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. काकीचा हात एवढा भरभर चालतो की डोळ्याला दिसत नाही. मीही करून पाहिलं. बोंबील मऊ, पण त्याचे दात बारीक आणि आत वळलेले. माझ्या सात जोड्या झाल्या आणि पाच बोटांना रक्त आलं. ज्या बाईने शहरातल्या म्हाताऱ्याबद्दल शेरा मारला होता, तिनेच हळद आणून दिली.

दिवस मावळेपर्यंत मैदानाचा अर्धा भाग भरला. उरलेलं पहाटे करू म्हणाल्या. काकीच्या घरी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. बदलापूरला आम्ही सुके बोंबील आणले की खिडक्या लावून भाजतो, शेजारी तक्रार करतात म्हणून. ते सांगितल्यावर काकी म्हणाली, “मग तुमी पण आमच्यासारखेच. लपवून खाता.”

स्थळपाहणी

सकाळी नऊपर्यंत सगळं मैदान भरलं. वलांड्यांवर चांदीसारखे बोंबील, खाली ताडपत्र्यांवर गुलाबी जवळा, वर कावळ्यांना अडवायला बांधलेली जुनी जाळी, आणि कडेच्या तिवरांवर टपून बसलेले बगळे. वासाचं काय सांगू? गाव येण्याआधी येतो म्हणतात, ते खरं आहे.

जीप अकराऐवजी बाराला आली. अधिकारी बाई तिशीच्या आतबाहेरच्या, पायात बूट, हातात फायलीऐवजी टॅब. उतरताच त्यांनी ओढणी नाकाला लावली. सगळ्या बायकांची तोंडं पडली. ड्रायव्हर तर काच वर करून आतच बसला. काकी पुढे झाली, खुर्ची दाखवली, शहाळं दिलं. बाई बसल्या नाहीत. ओढणी तशीच धरून त्या दोन वलांड्यांमधून चालायला लागल्या, अगदी टोकापर्यंत. परत येताना ओढणी खांद्यावर होती.

“मावशी, हे किती महिने चालतं?”

“दसऱ्यापासून पाऊस लागेपर्यंत.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात इथं जाळी दुरुस्त करतो. होड्या पण ओढून इथंच ठेवतो.”

बाईंनी टॅबवर जुनी नोंद उघडली, समोर पाहिलं, परत नोंद पाहिली. “हिला मोकळी जागा कुणी लिहिलं?”

काकीने खाली मान घालून सगळं सांगितलं, झाडल्यापासून शहाळ्यापर्यंत. लपवाछपवी केली म्हणून बाई रागावतील अशी तिला भीती होती. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझी आजी पण पाहुणे आले की गोठ्याचं दार लावायची.”

मग त्यांनी काकीला मैदानाची हद्द चालून दाखवायला सांगितली. काकी पुढे, बाई टॅब घेऊन मागे. प्रत्येक कोपऱ्याला काकी थांबायची, बाई खूण करायच्या. तिवरांपाशी काकी म्हणाली, यांना हात लावू नका, वारा हेच अडवतात. हे सगळं बघताना माझ्या मनात आलं, माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत अशी एक सकाळ असती तर किती बरं झालं असतं.

परत आल्यावर बाई थोड्या अडल्या. नकाशाच्या कडेला कुठल्या वापराला कोणता रंग याची सूची असते. तिच्यात शेती होती, बागायत होती, मैदान होतं, बाजार होता. मासळी वाळवण्याची जागा नव्हती. आता मला राहवलं नाही. मी माझी ओळख दिली आणि सांगितलं, सूचीत नवीन चौकट टाकता येते, आम्ही एकदा मिठागरांसाठी टाकली होती. बाई म्हणाल्या, “हो काका, प्रस्ताव मी देते. मंजूर होईलच असं नाही, सुनावणी व्हायची आहे. पण रंग कुठला देणार? सगळे संपलेत.”

“रंग कशाला?” काकी म्हणाली. तिने बाईंच्या हातातून टॅबवर लिहायची कांडी घेतली, आधी जरा घाबरत धरली, आणि त्या जागेवर उभ्या रेघा ओढल्या, मग त्यांच्यावरून आडव्या. “अशी दिसते ती.”

बाईंनी ते पुसलं नाही. निघताना त्यांनी अर्धा किलो जवळा मागितला. ड्रायव्हरने काच खाली केली.

परत आल्यावर

पाऊस सुरू होण्याआधी सुधारित आराखडा निघाला. मी संगणकावर तो उघडला तेव्हा बायको शेजारी बसली होती. सूचीत खाली एक नवीन चौकट होती, उभ्या-आडव्या रेघांची, पुढे लिहिलं होतं: मासळी वाळवण्याची जागा. आणि खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या हिरव्या पट्टीला लागून, त्याच रेघा. मी बायकोला बोट लावून दाखवलं. ती म्हणाली, “हे लग्न मात्र मुलगी बघून लावलंत.”

पण जवळून पाहिलं तर एक खोट होती. नवीन रस्ता मैदानाचा पूर्वेकडचा कोपरा कापून जात होता. मला चैन पडेना. रात्री बसून तीन पानी हरकत लिहिली, नियमांसकट, आणि सकाळी काकीला फोन लावला. म्हटलं, घाबरू नका, मसुदा तयार आहे, सहीला घेऊन रविवारी येतो.

“तो कोपरा आमी परवाच बघितला,” काकी म्हणाली. “हरकत लिहिली, सगळ्या बायकांनी सह्या केल्या, पोच घेतली. लहानूचा पण त्याच्या खोल्यांसाठी अर्ज लिहून दिला. मैदानाला आता गेट केलंय आमी, कुठला पण साहेब येऊ दे, आधी आमच्याबरोबर हद्द चालायची, मग लिहायचं.” मागे कुणीतरी काहीतरी म्हणालं, तशी ती हसली. “तुमी या रविवारी. वहिनींना घेऊन या, खिडक्या उघड्या ठेवून जेवा. पण ते कागद घरीच ठेवा, भाऊ.”